इंग्रजीच्या परीक्षांबाबत प्राचार्य आणि प्लेसमेंट सेलला खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या नर्सिंग व अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, इंग्रजीचे विभागप्रमुख आणि प्लेसमेंट सेलचे समन्वयक यांस,

विषय: परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी परीक्षेची निवड आणि तयारी

स. न. वि. वि.

शेवटचं वर्ष सुरू झालं की बऱ्याच कॉलेजांत एक ठरलेला कार्यक्रम होतो. एखाद्या क्लासबरोबर सामंजस्य करार, दोन दिवसांची ‘आयईएलटीएस कार्यशाळा’, पुष्पगुच्छ, गटफोटो आणि फोटोसकट अहवाल नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत. कार्यशाळेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती सरसकट सगळ्यांना एकच परीक्षा सांगितली जाते याला. बी.एस्सी. नर्सिंग करून ब्रिटनला जाऊ पाहणारी मुलगी, अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणणारा मेकॅनिकलचा मुलगा, कॅनडाच्या पीआरच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) मागे लागलेला माजी विद्यार्थी आणि लग्न होऊन लंडनला निघालेली माजी विद्यार्थिनी, या चौघांचे कागद चार वेगळ्या टेबलांवर जातात आणि चारही ठिकाणी वेगळं काही मागितलं जातं. आयईएलटीएस किंवा पीटीईची फी आज 17-18 हजारांच्या घरात आहे, ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, 30 हजारांच्या वर. परीक्षा उत्तम दिली पण ती त्या टेबलावर चालतच नाही, असं झालं तर फी परत मिळत नाही, शिवाय प्रवेशाची एक फेरी हातची जाते.

म्हणून विद्यार्थी समोर आला की पहिला प्रश्न ‘कोणता क्लास लावलास?’ हा नको. ‘तुझे गुण वाचणार कोण?’ हा हवा. वाचणारे तीन प्रकारचे असतात: विद्यापीठ, व्हिसा देणारं खातं आणि व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद. कधी यातलं एकच लागू होतं, कधी दोन, आणि दोघांच्या अटी जुळतीलच असं नाही.

अमेरिकेचं त्यातल्या त्यात सोपं. विद्यार्थी व्हिसासाठी इंग्रजीची कोणतीही ठरावीक परीक्षा लागत नाही. काय हवं ते विद्यापीठ ठरवतं, आणि व्हिसाच्या खिडकीवरचा अधिकारी दोन-चार प्रश्नांत आपला अंदाज बांधतो. त्यामुळे यादीतल्या सगळ्या विद्यापीठांना चालत असेल तर घरी बसून तासाभरात होणारी, बरीच स्वस्त अशी ड्युओलिंगोची परीक्षा पुरते. मात्र विद्यापीठाच्या मुख्य पानावर ‘चालते’ आणि विभागाच्या पानावर ‘चालत नाही’ असा प्रकार बऱ्याचदा सापडतो, तेव्हा विभागाचं पान वाचून मगच पैसे भरावेत. टीचिंग असिस्टंटशिपवर डोळा असलेल्यांनी आणखी एक पाहावं: पुष्कळ ठिकाणी त्यासाठी बोलण्याच्या विभागात वेगळे किमान गुण लागतात, आणि ते प्रवेशाच्या अटीपेक्षा चढे असतात. टोफेल देणाऱ्यांना एकच सांगायचं. 21 जानेवारी 2026 पासून त्या परीक्षेचं रूप बदललं. वाचन आणि ऐकणं हे विभाग आधीच्या उत्तरांनुसार सोपे-कठीण होत जातात आणि गुण 1 ते 6 या पट्टीवर मिळतात. लायब्ररीत 120 गुणांच्या हिशोबातली जुनी टोफेलची पुस्तकं असतील तर ती कपाटातून काढलेली बरी.

कॅनडाच्या बाबतीत गोंधळ सर्वाधिक. एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांसाठीच्या अर्जपद्धतीतून) पीआर मागणाऱ्याला आयईएलटीएसचा जनरल ट्रेनिंग प्रकार लागतो. ॲकॅडेमिक तिथे चालत नाही, गुण कितीही असोत. पीटीईतही तसंच: 30 जानेवारी 2024 पासून पीआरसाठी ‘पीटीई कोअर’ घेतात, ‘पीटीई ॲकॅडेमिक’ नाही. आणि ‘एसडीएससाठी प्रत्येक विभागात 6 हवेत’ असं सांगणारे फलक अजून लागलेले दिसतात. एसडीएस म्हणजे विद्यार्थ्यांना लवकर परवाना मिळण्याची वाट. ती जलद वाटच कॅनडाने 8 नोव्हेंबर 2024 ला बंद केली. आता शिकायला जाणाऱ्याने आपल्या कॉलेजची अट पाहायची.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी घरबसल्या दिलेली कोणतीही परीक्षा ग्राह्य नाही, केंद्रावर जावंच लागतं. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी विद्यापीठ स्वतः इंग्रजी तपासू शकतं, त्यामुळे साधी आयईएलटीएस चालून जाते. त्याखालच्या अभ्यासक्रमांना आणि बहुतेक कामाच्या व्हिसांना ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’सारखी सरकारमान्य आवृत्ती लागते. प्रश्नपत्रिका तीच असते, फक्त केंद्र आणि नोंदणी वेगळी. पण साधीवरून त्या आवृत्तीवर गुण वळते करून मिळत नाहीत, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आणि लग्नाच्या व्हिसावर जाणाऱ्या मुलीला पूर्ण आयईएलटीएसची गरजच नसते. पहिल्या अर्जाला ए1 या सर्वात प्राथमिक पातळीची, फक्त बोलण्याची आणि ऐकण्याची छोटी परीक्षा पुरते. तिला दोन महिने निबंध लिहायला बसवणारे क्लास आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता नर्सिंगचं, जरा सविस्तर, कारण नुकसान सर्वात जास्त तिथे होतं.

ब्रिटनमध्ये नोंदणी करते नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी. आपल्याकडच्या नॅशनल मेडिकल कमिशनचंही लघुरूप तेच, त्यामुळे मुली शोधताना भलत्याच वेबसाइटवर पोचतात. ही परिषद दोनच परीक्षा मानते: आयईएलटीएस ॲकॅडेमिक आणि ओईटी. पीटीई नाही, टोफेल नाही, ड्युओलिंगो तर नाहीच. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 हवेत. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत 350, लेखनात 300. एका बैठकीत सगळं जमलं नाही तर 12 महिन्यांच्या आतल्या दोन बैठकी जोडता येतात. पण दोन्ही वेळा चारही विभाग द्यावे लागतात, आणि कोणत्याही बैठकीत आयईएलटीएसचा विभाग 6.5 च्या खाली, लेखन 6 च्या खाली गेलेलं चालत नाही. ओईटीत हीच खालची रेषा 300 आणि लेखनासाठी 250 आहे. हा जोडण्याचा नियम ठाऊक नसल्याने मुली जवळपास मिळवलेले गुण बाजूला टाकतात आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात.

‘आमचा सगळा अभ्यासक्रम इंग्रजीतच झाला, तसं कॉलेजचं पत्र देऊ’ हा तोडगा इथे चालत नाही. भारतात इंग्रजीतून झालेलं शिक्षण ही परिषद एकट्या पुराव्यादाखल मानत नाही.

मग दोन्हींतली कोणती? ओईटी महाग आहे, पण जिचा वॉर्डातला अनुभव पक्का आणि सर्वसाधारण इंग्रजी वाचन बेताचं, तिला आम्ही ओईटीच सुचवतो. शब्दसंग्रह ओळखीचा असतो. आयईएलटीएसच्या वाचनात ज्वालामुखीपासून रोमन काचकामापर्यंत काहीही येतं. ओईटीत रक्तदाब, जखमेची काळजी, संसर्गनियंत्रण. पण ‘ओळखीचं’ म्हणजे ‘सोपं’ नव्हे. वाचनाचा ‘ए’ भाग 15 मिनिटांचा, चार छोटे उतारे आणि 20 प्रश्न. म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट. तिथे उतारे समजून घेत बसायचं नसतं. कोणता तक्ता कोणत्या उताऱ्यात आहे हे पहिल्या मिनिटात हेरायचं आणि प्रश्नामागे धावायचं. मुली सवयीने पहिला उतारा शांतपणे वाचू लागतात आणि 15 मिनिटं संपली की तो भाग काढून घेतला जातो.

लेखनाच्या भागात 5 मिनिटं नोंदी वाचायला आणि 40 मिनिटं पत्र लिहायला. 180 ते 200 शब्दांचं पत्र, बहुधा रुग्णाला पुढे पाठवण्याचं किंवा डिस्चार्जनंतरचं. सराव नोंदींचं एक नेहमीचं रूप घ्या. 68 वर्षांची बाई, पडून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, मधुमेह आहे, वॉकरवर चालते, टाके काढायचे आहेत, रक्त पातळ करणारी गोळी नव्याने सुरू झाली, एकटी राहते, मुलगी आठवड्यातून दोनदा येते. शिवाय 1979 सालची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, दाखल झाल्यापासूनचा रोजचा ताप आणि नाडी, पहिल्या दिवशीच्या जेवणाचा तपशील. पत्र लिहायचंय घरी येऊन पाहणाऱ्या कम्युनिटी नर्सला. आपल्या मुली काय करतात? केसपेपर भरायची सवय असल्याने सगळं उतरवून काढतात: तारखेनुसार, वरून खाली. पत्र 280 शब्दांवर जातं आणि टाके कधी काढायचे हे शेवटून दुसऱ्या ओळीत येतं.

गुण देणारा पहिली गोष्ट पाहतो ती ‘हेतू’: हे पत्र कशासाठी, हे पहिल्या दोन वाक्यांत कळलं का. त्यानंतर मजकूर, नेमकेपणा, पत्राचा बाज, मांडणी आणि शेवटी भाषा. म्हणजे व्याकरण हा सहांतला एक निकष. 1979 चं अपेंडिक्स इथे गाळायचं, रोजचा ताप गाळायचा (आज ताप नाही, एवढं पुरे), आणि नवी गोळी, तिची मात्रा, रक्तस्रावाची कोणती लक्षणं पाहायची, टाक्यांची तारीख, घरात पडण्याचा धोका हे वर आणायचं. नोंद निवडताना एकच कसोटी: ही गोष्ट कळली नाही तर वाचणारीचं उद्याचं काम अडेल का? नोंदींतली लघुरूपंही तशीच उचलायची नाहीत, पूर्ण वाक्यं करायची. हे शिकवायला बाहेरचा क्लास लागत नाही. आपल्याकडचे नर्सिंगचे आणि इंग्रजीचे शिक्षक एका टेबलाशी बसले, एकाने काय ठेवायचं ते ठरवलं आणि दुसऱ्याने वाक्यं पाहिली, तर हे कॉलेजातच होतं. बोलण्याचा भागही तसाच: दोन भूमिका, प्रत्येकी पाच मिनिटं, समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक. मुली त्याला व्याख्यान देतात. गुण मिळतात ते आधी ‘तुम्हाला याबद्दल काय माहीत आहे?’ असं विचारून, त्याची भीती ऐकून, मग त्याच्या भाषेत थोडं थोडं सांगण्याला.

जर्मनीला जाणाऱ्या नर्सला यातली कुठलीच परीक्षा कामाची नाही, तिथे जर्मन भाषाच लागते. हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

अभियांत्रिकीच्या मुलांचं दुखणं वेगळं. त्यांना वाटतं, इंग्रजी येतंच, कारण पुस्तकं इंग्रजीत होती. मग आयईएलटीएसच्या लेखनात 6 येतात आणि बाकी सगळीकडे 7.5. सरासरीचं गणित त्यांना आधी करून दाखवा. ऐकण्यात 8, वाचनात 7.5, लेखनात 6, बोलण्यात 7 असतील तर सरासरी 7.125, म्हणजे निकालपत्रावर 7. ‘एकूण 7’ मागणाऱ्या विद्यापीठाला पुरेसं. पण ‘प्रत्येकात किमान 6.5’ मागणाऱ्याला नाही. त्याच मुलाने ऐकण्यात 8 चे 9 केले तरी लेखनाचं कुलूप तसंच. सरासरी .25 वर आली तर वरच्या अर्ध्यावर आणि .75 वर आली तर पुढच्या पूर्ण आकड्यावर जाते, हेही कळलं की कुठे जोर लावायचा ते मूल स्वतःच ठरवतं.

लेखन का अडतं, ते एका निबंधावरून पाहू. समजा प्रश्न असा: शहरांतली सार्वजनिक वाहतूक मोफत करावी असं काहींना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात? उत्तराचं पहिलं वाक्य जवळपास नेहमी हे असतं: ‘आजच्या आधुनिक जगात वाहतूक ही मानवी जीवनातील अत्यंत महत्त्वाची बाब बनली आहे.’ इंग्रजीत लिहिलेलं असलं तरी हे वाक्य आपल्या शाळेतल्या ‘आजच्या विज्ञानयुगात’चं सख्खं भावंड. ते कोणत्याही प्रश्नाला चिकटतं, म्हणून इथे त्याची किंमत शून्य. पुढे एक परिच्छेद फायद्यांचा, एक तोट्यांचा, आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’. विचारलं होतं ‘कितपत सहमत’, आणि उत्तर कुठेच नाही. भाषा स्वच्छ असूनही पहिल्या निकषावर गुण अडकतात, कारण चारही निकषांना सारखंच वजन आहे: प्रश्नाला उत्तर, मांडणीची सलगता, शब्द आणि व्याकरण.

याच प्रश्नाची सुरुवात दोन वाक्यांत होते. पहिल्यात प्रश्न आपल्या शब्दांत, दुसऱ्यात भूमिका: पूर्ण मोफत नको, पण मासिक पास निम्म्या दरात हवा, कारण लोक बस टाळतात ते तिकिटामुळे कमी आणि बस वेळेवर येत नाही म्हणून जास्त. मग एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचं कारण आणि एक उदाहरण. उदाहरण पुण्याच्या पीएमपीचं किंवा मुंबईच्या बेस्टचं दिलं तरी चालतं. ‘हार्वर्डच्या सर्वेक्षणानुसार 78 टक्के लोक’ असली मनची आकडेवारी घालायला शिकवणारे आहेत. तिचे जादा गुण कुणी देत नाही, आणि परीक्षकाला ती लगेच कळते. पाठ केलेले साचेही तसेच. पीटीईत एके काळी मशीनला साच्यांनी चकवता येई असं मानलं जायचं. आता तिथेही काही उत्तरं माणसं तपासतात.

वेळेचा हिशोब: एकूण 60 मिनिटं, निबंधाला 40, तक्ता-आलेखाच्या वर्णनाला 20. निबंधाचं वजन दुप्पट. 40 पैकी पाच मिनिटं आखणीला, पाच वाचून पाहायला. किमान शब्द 250 आणि 150. 270-280 वर थांबावं, 350 लिहून चुका वाढवण्यात अर्थ नाही. आणि सराव असा: आठवड्याला सात निबंध नकोत, दोन पुरेत. एक लिहायचा, तपासून घ्यायचा, दोन दिवसांनी तोच पुन्हा कोरा लिहायचा. ज्या चुका दुसऱ्यांदा आल्या, तेवढ्याच वहीत. मराठी बोलणाऱ्यांच्या चुकांची यादी फार लांब नाही. आर्टिकल गळणं, कारण मराठीत ती नाहीतच. ‘पाच वर्षांपासून करतोय’ जसंच्या तसं इंग्रजीत नेऊन ‘ॲम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स’. ‘विषयी चर्चा’वरून ‘डिस्कस अबाउट’. आणि ‘आजच’ मधला ‘च’ इंग्रजीत ‘टुडे ओन्ली’ होऊन येतो. एवढ्या चार जागा ज्याने बांधल्या, त्याचं व्याकरण बरंच सावरतं.

बोलण्याच्या विभागात ‘ॲक्सेंट’ची भीती घालणं कृपया थांबवा. गुण समजण्याला आहेत, लकबीला नाहीत. आपल्या मुलांचा त्रास शब्दातला जोर चुकीच्या जागी पडतो त्यात आहे: ‘डेव्हलप’मध्ये जोर दुसऱ्या उच्चारखंडावर (सिलेबलवर) हवा, आपण पहिल्यावर देतो. दुसरा त्रास ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ला एकच व. दुसऱ्या भागात एक मिनिट विचाराला मिळतं आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. त्या मिनिटात वाक्यं लिहायची नाहीत, पाच-सहा शब्द टिपायचे.

ऐकण्यात 40 पैकी 30 बरोबर आले की साधारण 7 बँड (आयईएलटीएसच्या गुणांना बँड म्हणतात) मिळतो. चार-पाच गुण सहज जातात ते न कळल्यामुळे नव्हे: अनेकवचनाचा ‘एस’ राहिला, स्पेलिंग चुकलं, ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असताना तीन लिहिले, ‘फिफ्टीन’ला ‘फिफ्टी’ ऐकलं, स्पेलिंग सांगताना ‘जी’ला ‘जे’ समजलं. ध्वनिफीत एकदाच वाजते. सरावात दुसऱ्यांदा लावायची सवय लागली तर परीक्षेत हात रिकामा राहतो.

आता कॉलेजच्या हातात असलेल्या काही गोष्टी.

पहिली, संगणक कक्ष. परीक्षा आता बहुतांशी संगणकावर आहेत, आणि आपली मुलं तीन-चार वर्षं कागदावर उत्तरं लिहून आलेली. परीक्षेच्या पडद्यावर स्पेलिंग सुधारून मिळत नाही. राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणक टायपिंगची, इंग्रजी 30 वेगाची (मिनिटाला 30 शब्द) परीक्षा ज्याने दिलीय, त्याचे 250 शब्द नऊ मिनिटांच्या आत टाइप होतात. बोटं शोधत टाइप करणाऱ्याची 20 मिनिटं त्यातच जातात. संध्याकाळी पाचनंतर कक्ष उघडा ठेवा, नोटपॅडवर लिहू द्या, फोन बाहेर. पीटीई देणाऱ्यांसाठी वीस मुलांना हेडसेट लावून एकाच वेळी मोठ्याने बोलायला लावा. केंद्रावर असंच असतं: शेजारचा ओरडत असतो, आपण बिचकून थांबतो, आणि तीन सेकंदांची शांतता झाली की माइक बंद होतो.

दुसरी, नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि नावाच्या रकान्यात कधी एकटं, कधी वडिलांसकट. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर जसं छापलंय तशीच व्हायला हवी, अक्षरागणिक. गुणपत्रिकेवरचं नाव टाकून नोंदणी केली तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते परीक्षेआधी पासपोर्टवर बदलून घ्यावं किंवा सगळा प्रवास जुन्याच नावाने करावा. मधल्या वाटेत बदलणं सर्वात वाईट. त्यामुळे पासपोर्ट काढायला दुसऱ्या वर्षातच सांगा. पोलीस पडताळणीला लागणारा वेळ कॉलेजच्या हातात नसतो.

तिसरी, माध्यमाचा दाखला. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमाच्या पत्रावर परीक्षेतून सूट देतात. ब्रिटनमधली काही बारावीच्या इंग्रजीतले गुणही पाहतात, मात्र कोणती बोर्डं मान्य, हे प्रत्येकाचं वेगळं. हे पत्र बऱ्याचदा क्षुल्लक कारणाने नाकारलं जातं. त्यात पासपोर्टवरचं नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), अभ्यासक्रम, सुरुवातीची व शेवटची तारीख हवी. ‘शिक्षणाचं आणि परीक्षेचं माध्यम इंग्रजी होतं’ असे दोन्ही शब्द हवेत, नुसतं ‘शिक्षणाचं’ नको. सही प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची, खाली कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल. जीमेलचा पत्ता असेल तर पडताळणी करणारा पुढे जात नाही. आणि आलेल्या पडताळणीच्या ईमेलला उत्तर देणारा माणूस नेमा. तो ईमेल उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. जिथे विद्यार्थ्यांनी उत्तरं मराठीतून लिहिली, तिथे मात्र हे पत्र देऊ नका. एका खोट्या पत्राने पुढच्या सगळ्या पत्रांवर संशय येतो.

चौथी, चाचणी आधी आणि क्लास नंतर. अधिकृत नमुना प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. एका शनिवारी घड्याळ लावून पूर्ण परीक्षा घ्या. हवे त्यापेक्षा अर्धा बँड कमी असेल तर चार-सहा आठवड्यांचा नेमका सराव पुरतो. दीड बँड कमी असेल तर ते परीक्षेच्या युक्त्यांनी भरून निघत नाही, तिथे इंग्रजीच शिकावं लागतं. बी1 या मध्यम पातळीवरून त्याच्या वरच्या बी2 वर जायला केंब्रिजच्याच अंदाजाने साधारण दीडशे ते दोनशे तासांचं मार्गदर्शनातलं शिक्षण लागतं. ‘21 दिवसांत 7 बँड’ या जाहिरातीशेजारी हा आकडा सूचनाफलकावर लावा. आणि म्हणूनच ही चाचणी शेवटच्या वर्षात नको, त्याआधीच्या वर्षाच्या सुरुवातीला हवी.

तारीख ठरवताना मागून मोजा. गुण दोन वर्षं चालतात, म्हणून फार आधी देऊनही उपयोग नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दहा आठवडे आधी पहिली परीक्षा असावी, म्हणजे दुसरीला जागा राहते. आयईएलटीएस संगणकावर दिली असेल आणि एकाच विभागात घात झाला असेल तर 60 दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो, पण हा निकाल सगळ्या संस्था घेत नाहीत. नोंदणीच्या आधी संस्थेला लेखी विचारावं. लेखनात किंवा बोलण्यात अर्धा बँड कमी पडला आणि सरावातले गुण सातत्याने वर होते, तर फेरतपासणी मागायला हरकत नाही. ती सहा आठवड्यांच्या आत मागावी लागते आणि गुण वाढले तर तिची फी परत मिळते. ऐकण्या-वाचण्यात मात्र फेरतपासणीवर पैसे घालू नयेत. तिथे उत्तर बरोबर असतं किंवा चूक, हलायला जागा फारशी नसते.

या अटी आणि आकडे बदलत राहतात. वर दिलेले आकडेसुद्धा अर्जाच्या वेळी त्या त्या संस्थेच्या पानावरून पुन्हा ताडून घ्यावेत. प्लेसमेंट सेलने दर जुलै आणि जानेवारीत हे काम एका व्यक्तीवर सोपवावं आणि फलकावरच्या कागदाखाली पाहिल्याची तारीख टाकावी.

आपले,
या परीक्षांची तयारी करून घेणारे इंग्रजीचे काही शिक्षक